शून्य इशारे

साजगाव, ६ जानेवारी १९८०

ति. मोरूकाका, काकी यांना जनाचा नमस्कार.

संक्रांतीला येते म्हणाले होते, पण येणं होत नाही. रजा मागायला साहेबांच्या दाराशी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा भलतंच काही विचारून परत आले. नवं काम माझ्याकडे आलं आहे, आणि ते नीट होईपर्यंत इथून हलायचा धीर होत नाही.

चौबळसाहेब या कामाला लायब्ररी म्हणतात. पुस्तकांची नव्हे. वर्गमूळ काढणं, समीकरणं सोडवणं, मोजणीच्या ठिपक्यांवरून जमिनीचा चढउतार बसवणं, असल्या गणितांचे कार्यक्रम एकदाच नीट लिहून ठेवायचे. मग ज्याला लागतील त्याने आत न बघता वापरायचे. आमच्या कारखान्याचं गणकयंत्र बाहेरच्या कामांनाही तासावर देतात, त्या सगळ्यांना ही लायब्ररी मिळणार. ‘आत न बघता’ हे शब्द मला टोचतात. कुणी आत बघणारच नाही, म्हणजे आतली चूक असेल ती सगळी माझी.

तुम्ही विचारलंत, यंत्राला मराठी कळतं का. त्याला कुठलीच भाषा कळत नाही. आम्ही कार्डांना भोकं पाडून जे लिहितो ते यंत्राच्या आकड्यांत उतरवणारा एक कार्यक्रम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. चूक दिसली की तो अडून बसतो. नुसती शंका आली तर अडत नाही. काम पुढे नेतो आणि छापलेल्या कागदाच्या तळाशी एक ओळीचा इशारा लिहितो. माझ्या कालच्या कागदाच्या तळाशी त्रेचाळीस इशारे आले. शेजारच्या टेबलावरचे जोग म्हणाले, “इशारे कोण वाचतं हो? ट्रकच्या मागे ‘हॉर्न प्लीज’ लिहिलेलं असतं ना, तसं ते.”

सगळे हसले, मीही हसले. पण मला तुमची पाटी आठवली. ओढ्यापलीकडची शाळा लांब, आणि आईबाबा गेल्यावर तुम्ही मला नजरेआड जाऊ देत नव्हतात, म्हणून पहिली चार वर्षं ओट्यावर बसवून तुम्हीच शिकवलंत. गणित चुकलं की पाटीवर गेरूची रेघ. एकही रेघ नसेल त्या दिवशी गुळाचा खडा. आणि ताळा केल्याशिवाय उत्तर मोठ्याने सांगायचं नाही. ते त्रेचाळीस इशारे मला त्रेचाळीस रेघांसारखे दिसतात. ते पुसल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुमची,
जना

दांडवाडी, पो. कशेळे
२७ जानेवारी १९८०

चि. जनास काकाकाकींचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. तिळगूळ पोपट गवंड्याबरोबर पाठवला आहे. तो खोपोलीला कामाला येतो आहे. डबा परत कर, काकी विचारील.

तुझा तो कंपायलर मला आवडला. आपला ढवळ्या तसाच होता. चालता चालता थबकायचा. लोक म्हणायचे आळशी आहे, हाण. मी आधी खाली वाकून बघायचो. दहातले नऊ वेळा काही नसायचं. दहाव्या वेळी एकदा चाकापुढे खड्डा होता, गवताने झाकलेला. म्हणून इशारा आला की खाली वाकून बघ. बघून झाल्यावर हाण.

इकडे ओढ्यावर बांध घालायचा सरकारचा विचार पक्का झाला. मोजणीवाले चार दिवस होते. तीन पायांची दुर्बीण, तांबडीपांढरी पट्टी. ओढ्यापलीकडे सगळीकडे पट्टी धरली, पण आपल्या अंगाला करवंदीची जाळी आहे ना, तिथे शिरायला तयार नाहीत. काकी म्हणाली, “काय रं, पँट फाटंल म्हणून जमीन मोजायची ठेवता?” त्यातला एक म्हणाला, “मावशी, चार ठिपके घेतले की बाकीचं मशीन भरतं.” काकी म्हणाली, “मशीन करवंदं पन तोडतं काय?” आकडे म्हणे साजगावच्या यंत्रावर जाणार. मी त्यांना म्हटलं, तिथं आमची पोर आहे. त्यांना खरं वाटलं नाही.

वेळेवर जेवत जा. दुसऱ्याच्या टेबलावरची मस्करी मनावर घेऊ नकोस.

मोरूकाका

साजगाव, १७ फेब्रुवारी १९८०

ति. काका, काकी यांना नमस्कार.

आज माझ्या कागदाच्या तळाशी काहीही नाही. शून्य इशारे. चौबळसाहेबांनी तो कागद सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, “असा कागद या खोलीत पहिल्यांदा निघालाय. शिका जनाबाईंकडून.” मला आनंद झाला, आणि लगेच भीतीही वाटली. माझं असंच होतं.

कसं केलं ते तुम्हाला सांगते, कारण तुम्हीच विचाराल. त्रेचाळीसपैकी बारा साध्या चुका होत्या, कुठे नाव चुकलेलं, कुठे न वापरलेला आकडा. त्या दुरुस्त केल्या. उरले एकतीस. ते साहेबांच्या घाईतून आलेले होते. मी सुरुवातीला सगळी गणितं मोठ्या घरात लिहिली होती. म्हणजे यंत्र एकेक आकडा सोळा अंकांपर्यंत जपतं. पण जमीन बसवायचं एक काम त्याने बावन्न मिनिटं चालायचं. साहेब म्हणाले, “यंत्र तासावर विकतो आपण. बावन्न मिनिटं कोण घेणार? लहान घरात आणा.” लहान घरात सातच अंक राहतात, पण तेच काम एकोणीस मिनिटांत होतं. मोठा आकडा लहान घरात बसवला की कंपायलर म्हणतो, शेपूट तुटेल, बघ. असं एकतीस वेळा म्हणाला.

त्या प्रत्येक जागी मी स्वतः लिहून टाकलं की हो, मला ठाऊक आहे, लहान कर. मग तो बोलायचा थांबला.

वाकून बघितलं की नाही, असं विचाराल. बघितलं. ताळाही केला. आपलं भाताचं खाचर घेतलं, बारा हात बाय नऊ हात, चार कोपरे, मधे उंचवटा. हाताने गणित केलं, मग यंत्राने. तंतोतंत जुळलं. दुसरं उदाहरण ओट्याचं. तेही जुळलं. हाताने ताळा करता येईल अशी सात उदाहरणं केली, सातही बरोबर.

गुळाचा खडा राखून ठेवा.

तुमची,
जना

दांडवाडी, २ मार्च १९८०

चि. जनास आशीर्वाद.

होळी झाली. तुझ्या नावाने पोळीचा तुकडा होळीत टाकला.

मोठी बातमी अशी की पाण्याची रेघ आली. नकाशा घेऊन दोघं आले, फीत लावून दगड पुरत गेले. दगडाच्या खाली ते पाण्यात, वर ते कोरडं. ओढ्यापलीकडची नऊ घरं पाण्यात जातात, त्यांना चौकच्या बाजूला जमीन मिळायची आहे. आपल्या अंगाची सहा घरं वाचली. आपल्या ओट्यापासून दगड तीस पावलं खाली आहे. बारा नंबरचा दगड, जांभळीच्याही खाली.

नकाशावर साजगावचा शिक्का बघितला आणि मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर सांगितलं, हे आकडे माझ्या जनाने काढलेत. तिचा कागद निर्मळ असतो.

हरकत असेल तर बारा तारखेपर्यंत कशेळ्याला बांधाच्या कचेरीत लिहून द्यायची, नाहीतर हरकत नाही म्हणून सही. खालच्या घरची विमलबाई म्हणाली, “भावोजी, मला वाचाया येत नाय. तुमी करताय तर मी अंगठा देते.” बाकीचेही माझ्यावरच आहेत. बुधवारी सगळे मिळून जाऊ.

काकीचं एकच चाललंय. म्हणते, “मोठ्या पुराच्या साली बांध नव्हता, तरी पाणी जांभळीच्या मुळाशी आलं व्हतं. आता बांध घातल्यावर तेच पाणी जांभळीच्या खाली बसंल? पाण्याला जनानं शिकवलंय काय?” मी म्हटलं, तू गप गं, हे शिकलेल्या माणसांचं काम आहे. चार दिवस झाले, आमटीत मीठ कमी पडतंय.

मोरूकाका

साजगाव, १५ मार्च १९८०

ति. काका,

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, क्षमा करा. काम होतं.

सह्या केल्या नसतील तर थोडं थांबता येईल का? घाबरण्यासारखं काही आहे असं नाही. एक करून बघा. पोपटकडे पाण्याची नळी असते, जोत्याची पातळी बघायची. ती घेऊन ओढ्यापलीकडच्या एखाद्या दगडाशी आपल्या अंगाचे दगड ताडून बघा, एकेक टप्पा करत. पाण्याची कड म्हणजे सगळे दगड एका पातळीत हवेत. ते आहेत का तेवढंच लिहा. काकींचं म्हणणं काय होतं तेही पुन्हा नीट विचारून लिहा, कुठल्या साली, कुठल्या मुळाशी.

इथलं सगळं ठीक.

जना

दांडवाडी, २१ मार्च १९८०

चि. जनास आशीर्वाद.

तुझं पत्र अठराला पोचलं. सह्या बाराला झाल्या. माझी सही, चार अंगठे आणि पोपटची इंग्रजी सही, ती तो मुद्दाम करतो. साहेबाने चहा दिला.

तू लहानपणापासून अशीच. गणित बरोबर आलं तरी पाटी पोटाशी धरून बसायचीस, दाखवायची नाहीस. तरी तू सांगितलंस म्हणून नळी लावली. पोपट आणि मी दोन दिवस ओढ्यात उतरून चढून दमलो. आपला बारा नंबरचा दगड पलीकडच्यांपेक्षा पाच हात खाली भरला. पोपट म्हणतो नळीत हवा शिरली असणार, इतक्या लांबवर नळी खरी सांगत नाही. मलाही तसंच वाटतं. तुझ्या यंत्रापुढे पोपटची नळी काय.

काकीला विचारलं. ती म्हणाली, “आता कशाला इचारता?”

मोरूकाका

साजगाव, ६ एप्रिल १९८०

ति. काका,

नळीत हवा नव्हती. पाच हात बरोबर आहेत. माझ्या हिशेबाने दोन मीटर चौतीस सेंटिमीटर.

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. आता जे झालं ते क्रमाने सांगते.

मी ताळा केला तो आपल्या खाचराचा. बारा हात, नऊ हात. हाताने करायचं म्हणून लहान आकडे घेतले. लहान आकड्यांना शेपूटच नसतं, तुटणार काय? मोजणीवाल्यांचे आकडे लाखांत असतात, कारण ते फार लांबच्या एका खुणेपासून मोजतात. लाखाचा वर्ग अकरा अंकी. सात अंकांच्या घरात तो बसवला की मागचे चार गेले. आणि जमीन बसवताना अशा दोन प्रचंड आकड्यांची वजाबाकी होते. असं समजा, कोंबडा बसलेली बैलगाडी काट्यावर घातली, मग कोंबडा उतरवून पुन्हा घातली. फरक म्हणजे कोंबड्याचं वजन. पण काटा दहा किलोच्या खाली काही सांगतच नसेल, तर कोंबड्याचं वजन काहीही निघेल. पलीकडे ठिपके पुष्कळ होते, त्यांनी एकमेकांना सांभाळलं. आपल्या अंगाला करवंदीमुळे चारच. तिथे यंत्राने जे भरलं ते काहीही होतं.

कंपायलरने हे एकतीस वेळा सांगितलं होतं. मी एकतीस वेळा त्याच्या तोंडावर हात ठेवला. खड्डा बुजवला नाही, ढवळ्याला गप्प केलं. कागद निर्मळ दिसावा म्हणून.

आता याहून वाईट. तुमचं दोन मार्चचं पत्र मला पाच तारखेला मिळालं. काकींचं जांभळीचं बोलणं वाचताक्षणी मला ते एकतीस इशारे आठवले. त्याच दिवशी साजगावहून निघाले असते तर संध्याकाळच्या आत कशेळ्याला पोचले असते. नुसतं ‘सही करू नका’ एवढं लिहिलं असतं तरी वेळेत पोचलं असतं. मी लिहिलं नाही. खात्री नव्हती. ताळा केल्याशिवाय उत्तर मोठ्याने सांगायचं नाही. मोठ्या घरात पुन्हा चालवायला बावन्न मिनिटं यंत्र हवं होतं आणि ते मला कुणी देत नव्हतं. शेवटी जेवणाच्या सुट्टीत दोन दिवसांत तुकडे करून चालवलं. चौदा तारखेला खात्री झाली. तोवर बारा होऊन गेली होती. आणि पंधराच्या पत्रातही मी खरं लिहिलं नाही, कारण लाज वाटली.

चौबळसाहेबांना दोन्ही कागद दाखवले, लहान घरातला पहिला आणि मोठ्या घरातला दुसरा. ते म्हणाले, “पहिल्या कागदावर इशारे किती होते?” मी म्हटलं, शून्य. “सही कोणाची?” माझी. “मग मला काय दाखवताय? लायब्ररी तीन ठिकाणी गेली. सगळ्यांना वेगाचं कौतुक आहे.” बांधाच्या कचेरीला मी स्वतः लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की मुदत संपली, हरकत नाही म्हणून सहा सह्या आहेत, आणि पहिली सही अर्जदाराच्या चुलत्याची आहे. जोग म्हणाले, “चूक बरोबर तुमच्याच काकांच्या शेतात सापडली होय?” यावेळी कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते खरंच वाटलं.

दुसऱ्या कागदाप्रमाणे बांध भरला की पाणी आपल्या ओट्याच्या खालून दुसऱ्या पायरीपर्यंत येईल. विमलबाईंचं घर त्याहून खाली आहे.

मला शिव्या द्या, पण उत्तर द्या.

जना

साजगाव, ५ ऑक्टोबर १९८०

ति. काका, काकी यांना नमस्कार.

हे चौथं पत्र. उत्तर नसलं तरी लिहिते.

गणपतीत आले होते. कशेळ्याच्या थांब्यावर उतरले. विमलबाई तिथेच भाजी घेऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर पुढे ओढला आणि शेजारणीला म्हणाल्या, “हीच ती, यंत्रवाली.” मी त्याच गाडीने परत फिरले. तुम्हाला कुणी सांगितलं असेल. नसेल तर आता मीच सांगितलं.

बांधाच्या कचेरीला पाच अर्ज केले. शेवटच्याचं उत्तर आलं नाही.

लायब्ररीतले ते एकतीस ‘मला ठाऊक आहे’ मी काढून टाकले. आता ती चालवली की तळाशी पुन्हा एकतीस इशारे येतात. साहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, हे असेच राहतील, नाहीतर बावन्न मिनिटं द्या. त्यांनी लायब्ररी जोगांकडे दिली. जोगांनी इशारे छापायचेच बंद केले. कंपायलरला तसं सांगता येतं, एका कार्डात. मला आता वर्गमुळाचे तक्ते तपासायला बसवलंय. ते छापील असतात, बरोबरच असतात.

काकींना सांगा, डबा मी परत पाठवला नव्हता. तो माझ्याकडेच आहे.

जना

कशेळे, २३ ऑगस्ट १९८१

चि. जनास,

पत्ता बदलला आहे तो वर बघ. शाळेमागे एक खोली मिळाली. भांडी, देव आणि एक म्हैस एवढं आणलं. विमलबाई लेकीकडे गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही. पोपटने नळी ओढ्यात फेकून दिली. माझ्या शब्दावर अंगठा दिलेली माणसं आता मला बघितलं की रस्ता ओलांडतात. मीही त्यांच्यासाठी रस्ता ओलांडतो, म्हणजे त्यांना त्रास नको.

तुझी चारही पत्रं मिळाली होती. उत्तर दिलं नाही, कारण खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहवत नव्हतं. खरं असं की तुला तो नियम मी घातला. ताळ्याशिवाय बोलू नकोस. भीती वाटली तर आधी ओरड, ताळा मागून कर, हे मी कधी शिकवलं नाही. मला तरी कुणी शिकवलं होतं?

काकीला तुझं एप्रिलचं पत्र वाचून दाखवलं होतं, सगळं. कोंबडा आणि गाडीसुद्धा. ती ऐकत बसली. मग म्हणाली, “मला कुनी यंत्रात नाय घातलं. मी नुसती त्या जांभळीखाली बारा वर्सं भांडी घासली.” त्यानंतर या विषयावर बोललेली नाही. मी तिला गप म्हटलं होतं, तेव्हापासून ती गपच आहे.

काल सांडवा वाहू लागला. म्हणजे बांध काठोकाठ भरला, आता पाणी याहून वर चढणार नाही. मी एकटा गेलो. बारा नंबरचा दगड कुठे आहे ते आता कळत नाही. जांभळीचं खोड बुडालं, फांद्या तेवढ्या वर आहेत. पाण्यातून चालत ओट्याशी गेलो. जिथे तुला बसवायचो तिथे उभा राहिलो आणि पायऱ्या मोजल्या.

पाणी खालून दुसऱ्या पायरीवर आहे. बोटभरही इकडेतिकडे नाही.

तुझ्या दुसऱ्या कागदाचा ताळा जुळला. कुणीतरी तुला सांगायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

मोरूकाका